गणपतीत गावी येणाऱ्यांसाठी टॅक्सचं शिबिर भरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दापोली, मंडणगड, खेड या बाजूला कितीतरी घरांतला माणूस बोटीवर किंवा आखातात आहे, पण त्यांच्या टॅक्सबद्दल मराठीत कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे पत्र. माझे मिस्टर परदेशी कंपनीच्या बोटीवर, धाकटे दीर मस्कतला, चुलत नणंद लंडनला, आणि तिघांचे इथले कागद सांभाळते मी.

आपल्याकडे समज एकच, बाहेर कमावलं की इथे टॅक्स नाही. असं नाहीये, सरकार दिवस मोजतं. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात बोटीवरच्या माणसाचे भारतातले दिवस १८२ झाले की तो इथला रहिवासी, आणि मग बोटीचा सगळा पगार इथे टॅक्सला येतो. त्याच्या आत राहिला तर एनआरई खात्यात (बाहेरची कमाई ठेवायचं इथल्या बँकेतलं खातं) आलेल्या पगारावर टॅक्स नाही, तसं परिपत्रक एप्रिल २०१७ मध्येच निघालंय. पण बोट काय एप्रिल-मार्च बघून चालते का? कॉन्ट्रॅक्ट लवकर संपलं, पुढचं जॉइनिंग महिनाभर लांबलं, की गणित फिसकटलं. आणि त्या पगारावर बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्याच देशात टॅक्स भरलेला नसतो, म्हणजे दोन देशांच्या कराराचा आधार पण नाही, सगळं इथल्या स्लॅबने भरा. घरच्यांना हे कळतं नोटीस आल्यावर. पोरांना एजंट सांगतात रिटर्न भरू नकोस, काही गरज नाही, याचा मला खरंच राग येतो कारण नोटीस एजंटच्या घरी येत नाही.

मस्कतवाल्यांचं वेगळंच. तिकडे नोकरीला गेलं की इथलं साधं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे बाहेर राहणाऱ्याचं इथल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं, आणि त्याच्या व्याजावर बँक सेस धरून ३१.२ टक्के कापते, इथलं उत्पन्न कितीही कमी असो. परत मिळतं, पण रिटर्न भरलं तर, आणि भरल्यावर ३० दिवसांत व्हेरिफाय केलं तर. ओटीपी यायचा तो आधारचा नंबर गावी आईच्या मोबाईलमध्ये, माणूस मस्कतला, आणि पावसात गावात रेंज नाही, मग काय करायचं?

सगळ्यात जास्त भांडणं लागतात ती सामायिक सातबाऱ्यावर. चार भावांची एनए (बिनशेती) जागा विकायला काढली आणि एक भाऊ बाहेर असला तर त्याच्या हिश्शावर घेणाऱ्याने वेगळा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा टॅक्स, कापायचा असतो, व्यवहार ५० लाखांच्या आतला असला तरी. आधी अर्ज करून कमी टीडीएसचं सर्टिफिकेट आणलं तर ठीक, नाहीतर नुसत्या नफ्यावर नव्हे, त्याच्या हिश्शाच्या पूर्ण रकमेवर कापतात. गावातली शेतजमीन असेल तर गोष्ट वेगळी. पण हे सगळं दस्ताच्या दिवशी रजिस्ट्रार ऑफिसात कळतं आणि भाऊ भावाशी बोलायचे बंद होतात, मी बघितलंय.

लंडनवाल्यांचं टॅक्सचं वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. इथल्या एनआरई एफडीचं व्याज इथे माफ, पण बरीच वर्षं तिकडे राहिलेल्या माणसाने ते तिकडच्या टॅक्सवाल्यांना सांगायलाच लागतं. आणि आता दोन्ही देशांची सरकारं बँकखात्यांची माहिती एकमेकांना आपोआप पाठवतात, त्यामुळे कुणाला कळणार नाही हे मनातून काढून टाका.

अफवा पण फार. ओमानने इन्कम टॅक्स लावला म्हणून लोक घाबरलेत, पण तो २०२८ पासून आणि वर्षाला ४२ हजार रियालच्या वर कमावणाऱ्यालाच, ५ टक्के. आपले ड्रायव्हर, फोरमन, दुकानातली पोरं यात येत नाहीत, हे कुणीतरी गावात सांगायला नको का? त्यात १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ आला, कलमांचे आकडे बदलले, म्हणजे जुनी माहिती बघून फॉर्म भरणारे अजून गोंधळणार.

माझी मागणी एवढीच आहे की आयकर खात्याने आणि बँकांनी गणपतीत तालुक्याच्या गावी दोन दिवस मराठीतून शिबिर घ्यावं. रिटर्नची ३१ जुलै तोवर गेलेली असते हे खरं, पण उशिराचं रिटर्न डिसेंबरपर्यंत भरता येतं, आणि मुख्य म्हणजे आर्थिक वर्षाचे सहा-सात महिने हातात असतात, तेव्हाच दिवस मोजले तर पुढचं जॉइनिंग कधी घ्यायचं ते ठरवता येतं. बाहेरचे बरेचसे तेव्हाच घरी असतात, पासपोर्ट आणि सीडीसी (बोटीवरच्या नोकरीची नोंदवही) सोबत असते, ओटीपीचा मोबाईल पण समोरच. एक खात्याचा माणूस, एक बँकेचा, एक सीए एवढे आले तरी पुष्कळ. आपल्या पेपरने पुढाकार घेतला तर हॉल आणि चहापाण्याचं आम्ही वाडीतल्या बायका बघू, फक्त गौरी-विसर्जनाचा दिवस सोडून तारीख द्या.

आपली,
एक वाचक, ता. दापोली