कारेलीबागेचं घर विकण्याआधी

चि. सलील,

अनेक आशीर्वाद.

काल "आई, तुला यातलं कळत नाही" म्हणून तू फोन ठेवलास. रागावले नाही, पण मॉड्युलर किचनचं ते कोटेशन रात्रभर डोळ्यांपुढे होतं. म्हणून लिहितेय.

पर्सनल लोन काढू नकोस. सांगायचं एवढंच आहे.

स्वयंपाकघर काय, घेणारा आपल्या सोयीनं करून घेतो. परवा दलालाबरोबर जोडपं आलं होतं. ओट्याकडे दोघांनी बघितलंही नाही. तो माणूस सरळ माईंच्या खोलीत गेला, भिंतीला तळहात लावला आणि विचारलं, "पाणी क्यां सुधी आव्युं हतुं?" ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी कारेलीबागेत शिरली हे बडोद्यात कोणापासून लपणार? मी खरं ते सांगितलं, सोफ्याच्या बैठकीपर्यंत. तू म्हणतोस पुट्टी मारून रंग काढू. नाही रे चालत. आत ओल असली की लोणा बाहेर येतोच, एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. मग घेणाऱ्याला वाटतं, यांनी आणखी काय काय झाकलंय, आणि भाव पाडतो. तिथलं प्लास्टर खरवडायचं, भिंत पुरती सुकू द्यायची, मगच पुढचं. त्या फॉल्स सीलिंगपेक्षा अगाशीचं, म्हणजे गच्चीचं, काम आधी. फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझेक उखडलंय, जिन्यात पाणी तिथूनच उतरतं.

ते तुकडे तू आणि अण्णांनी बसवलेले. दुसरीत होतास. निळे सगळे टाकीजवळच हवेत म्हणून हटून बसलास, कडिया (गवंडी) वैतागला, अण्णा म्हणाले, लावू दे त्याला. टाकीजवळ अजून निळंच आहे. नव्या कामात ते निघेल, बहुतेक.

काय सांगत होते, हां, कागद. प्रॉपर्टी कार्डावर अजून अण्णांचंच नाव आहे. वारसाई झाल्याशिवाय कोणी बाणा, म्हणजे विसार, देणार नाही. सुलूआत्याची सही लागेल, ती तू मागायची, मी नाही. आणि सीएंना विचारलं मी. कॅपिटल गेन काढताना रंग आणि डागडुजी सुधारणेच्या खर्चात धरत नाहीत. म्हणजे ज्यासाठी तू हप्ते भरणार, त्यातलं बरंचसं करातही वजा व्हायचं नाही.

एक हप्ता आहेच की डोक्यावर. पुण्यात स्वतःच्या हिमतीवर फ्लॅट घेतलास, मी दांडिया बाजारात घरोघरी सांगत फिरले. पण तुझ्या कंपनीनं माणसं कमी केली हे मला प्राजक्ताकडून कळावं? कधी झालं, तुझं काय, काहीच बोलला नाहीस. अशात आणखी कर्ज, तेही होम लोनहून महागाचं, विकायच्या घरासाठी! माणसानं अंथरूण पाहून... जाऊ दे. पुन्हा शाळा सुरू झाली माझी. माफ कर. तू विचार करूनच ठरवलं असशील, मला माहीत आहे.

अगाशी आणि माईंची खोली माझ्या एफडीतून होईल. गळके नळ आणि मीटरजवळचं जुनं वायरिंगही त्यातच. कडियाला रविवारी बोलावलंय. किचनवाल्याला नाही म्हणून कळव, मग मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझी,
आई

ता. क. प्राजक्तावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं. आणि लोनचा अर्ज भरला असशील, तरी पैसे खात्यात येण्याआधी नाही म्हणता येतं.