आठवत नाही, म्हणून काय झालं?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

लहानपणीच्या दुःखांबद्दलचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला आणि रात्रभर झोप लागली नाही. म्हणून सकाळीच लिहायला बसले. लेखकांची भाषा गोड आहे, हेतूही चांगला असेल. पण ‘चार-पाच वर्षांच्या आतलं आठवतच नाही, मग त्याचा बाऊ कशाला?’ हे वाक्य तुम्ही चौकटीत, मोठ्या टायपात छापलंत. हे मी आयुष्यभर ऐकत आले आहे.

मी चार वर्षांची असताना मला सांभाळणाऱ्या बाई मी रडले की अडगळीच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी लावत. किती वेळ, किती वेळा, ते सांगता येणार नाही. त्यांचा चेहराही आठवत नाही. दाराखालून येणारी उजेडाची पट्टी आठवते, आणि त्या पट्टीत येऊन थांबलेली दोन पावलं. कधी कडी निघायची, कधी पावलं तशीच परत जायची. आज मी ५२ वर्षांची आहे. घरात एकटी असले तरी बाथरूमला आतून कडी लावत नाही. शेजारच्या कुलपात किल्ली फिरली की हातातलं काम थांबतं, तळहात ओले होतात. शेजारी घरी आले, एवढंच आहे, हे मला कळतं. अंगाला कळत नाही.

तिशीत छातीत धडधड वाढली म्हणून डॉक्टरांकडे गेले. ईसीजी चांगला आला. धीर करून त्या खोलीचं सांगितलं, तर ते हसले. "इतक्या लहानपणचं कुणाला आठवतं हो? मन रमवा कशात तरी." त्यानंतर ११ वर्षं मी कुणापाशी तोंड उघडलं नाही. तुमच्या चौकटीतलं वाक्य वाचून आज आणखी किती जण गप्प बसले असतील?

तान्ह्या बाळांना दुखतं ते लक्षात राहत नाही, असं धरून १९८०च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी त्यांच्यावर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. ‘आठवत नाही’ या म्हणण्याची मजल इथवर गेली होती. त्या वयातली शब्दांतली आठवण टिकत नाही हे खरंच आहे. पण भीती शिकायला शब्द लागत नाहीत. अमेरिकेत १९९५ ते १९९७ या काळात फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी १७ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. मारहाण, अत्याचार, घरातलं व्यसन असे चार किंवा त्याहून जास्त प्रकार ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांच्यात नैराश्य, दारूचं व्यसन, आत्महत्येचे प्रयत्न कित्येक पटींनी जास्त आढळले. हृदयविकारही जास्त. सगळ्यांचं तसंच होतं असं नाही, पण याला बाऊ म्हणू नका.

एकेचाळिसाव्या वर्षी मी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दार उघडं ठेवू की लोटून घेऊ?" मला रडूच कोसळलं. मग कित्येक महिने त्या खोलीचा विषयही निघाला नाही. पाय जमिनीला टेकलेत ना ते बघायचं, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायची, श्वास लांब सोडायचा. भीती आवरता येऊ लागल्यावर मग खोली. अडीच वर्षं लागली. लिफ्टमध्ये आता एकटी जाते, बाथरूमची कडी अजून राहिली आहे. अशा आघातांसाठी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा, बोलण्यातून होणारा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत त्रासदायक आठवणींची धार कमी करणारा उपचार) यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ सालीच केली आहे, मुलांसाठीसुद्धा. लेखात याचा उल्लेखही नाही. ‘माफ करा आणि पुढे चला’ एवढंच. माफ करायचं की नाही ते माझं मी बघेन. मदत मिळते, उशिरा गेलं तरी मिळते, हे तरी लिहायचं होतं.

आणि त्याच अंकात, पाचव्या पानावर, अत्याचार झालेल्या मुलीची बातमी आहे. नाव छापलं नाहीत, पण इयत्ता, वडिलांचा व्यवसाय, घराची खूण सगळं दिलंत. तिच्या वर्गातलं प्रत्येक मूल तिला ओळखेल. इंटरनेट आवृत्तीतून तेवढा मजकूर तरी आजच काढा.

आपली,
एक जुनी वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)