खांबाचा पाय आणि दुपारचं ऊन

नाशिक, १६ मे

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आखाजी करून आले तेव्हापासून ओसरीचा उजवीकडचा खांब डोळ्यांसमोरून हलत नाही. निघायच्या दिवशी चप्पल घालताना खाली वाकले होते. खांबाच्या पायाशी सहज किल्लीचं टोक लावलं, तर ते नखभर आत गेलं. आजोबांनी उभा केलेला साग तो. छातीच्या उंचीवर ठोकला तर अजून खणखणीत वाजतो, पायाशी मात्र ओल्या भुशासारखा झालाय. मागच्या बाजूने उधईची मातीची रेघही वर चढलेली दिसली. तुम्हाला तेव्हा बोलले नाही, कारण गाडीची वेळ झाली होती आणि आईचे डोळे आधीच भरले होते.

बाबा, यात सागाचा दोष नाही. पूर्वी खांब तळखड्यावर उभा होता, दगड जमिनीच्या वर होता, पाणी बाजूने निघून जायचं. ओटा सिमेंटचा केला तेव्हा गवंड्याने तळखडा बुडवून सिमेंट थेट लाकडाला भिडवलं. लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते कापलेल्या टोकातून. आपल्या खांबाचं तेच टोक आता वाटीत बसलंय. आई रोज ओटा धुते, ते पाणी तिथेच मुरतं, आणि पावसाळ्यात तर चार महिने ओल हटत नाही.

गवंड्याला बोलावून खांबाभोवतीचं दोन बोटं सिमेंट फोडून घ्या, दगड उघडा दिसला पाहिजे. उतार बाहेरच्या बाजूला ठेवायला सांगा. मग आठ-दहा दिवस पाय तसाच उघडा वाळू द्या. हे जळगावचं पंचेचाळीस अंशांचं ऊन एवढ्या कामाला तरी उपयोगी पडेल. किती भाग गेलाय ते सुतार ठरवेल. खालचा तुकडा बदलावा लागला, तर तुळईला टेकू दिल्याशिवाय कोणालाही खांबाला हात लावू देऊ नका.

आता झोपाळा. तुम्ही मागच्या दिवाळीला त्याला ऑइलपेंट मारलात. पश्चिमेच्या बाजूने त्याला फोड आलेत आणि पापुद्रे निघतायत. लाकूड उन्हात आकसतं, पावसात फुगतं. रंगाचा थर तसा ताणत नाही, तो तडकतो. त्या तडीतून शिरलेलं पाणी मग रंगाखाली कोंडून राहतं. उघड्यावरच्या लाकडाला आत मुरणारं तेल बरं. जुना रंग खरवडून काढा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आणि मग १२० ने रेषांच्या दिशेने घासा, आडवं नको. पहिल्या हाताला जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं घ्या. फडक्याने चोळा, वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल पुसून टाका. नाहीतर पाट चिकट राहतो आणि धूळ धरतो. तेल पुरतं वाळलं की दुसरा हात नुसत्या तेलाचा. पाटाच्या दोन्ही टोकांना तेल जास्त पाजा. हे सगळं सावलीत, सकाळी करायचं.

आणि आई, हे तू लक्षात ठेव, बाबा विसरतील. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. ते तेल वाळताना आतून तापतं, आणि बोळा काडी न लावता आपोआप पेटू शकतो. मागच्या खोलीत तुझी गोणपाटं आहेत. फडकी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेव, किंवा अंगणात एकेक उघडी पसरून वाळव.

झाडांपैकी मला लिंबूची काळजी आहे. खोडाची पश्चिमेकडची साल उन्हाने भाजून तडकली आहे. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या बादल्यांत विरघळवा, मग एकत्र ढवळा. लोखंडी भांडं घ्यायचं नाही. चाकूचं पातं त्यात क्षणभर बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना थोडा वाढवा. ही पेस्ट खोडाला जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत लावायची, केली त्याच दिवशी. पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा.

मोगऱ्याच्या कुंड्या सिमेंटच्या ओट्यावरून उचलून निंबाखाली न्या, कारण तापलेल्या ओट्यावर मुळं शिजतात. हिरवी नेट मांडवासारखी वर बांधा, पानांना टेकू देऊ नका आणि दोऱ्या थोड्या सैल ठेवा. वळवाचं वारं सुटलं की ती ताणलेली नेट बांबूसकट घेऊन जातं. बुंध्याशी गव्हाचा भुसा नाहीतर वाळलेली केळीची पानं चार बोटं जाड पसरा, खोडापासून थोडं लांब. केळीला टेकू द्यायचं तुम्हाला मी काय सांगणार, तुमचा जन्म त्यात गेला.

पण पाण्याचं सांगणार आहेच. शेजारच्या काकूंचा फोन आला होता. बाबा, दुपारी एक वाजता तुम्ही लिंबूला पाणी घालत होता, चक्कर आली आणि तिथेच बसलात. काकूंनी पाहिलं म्हणून बरं. मला तुम्ही दोघांनीही सांगितलं नाहीत. ते ऐकल्यापासून माझं कामात चित्त लागत नाही.

दुपारी पानं मान टाकतात ते पाहून तुमचा जीव कळवळतो, मला माहीत आहे. पण पायाशी ओल असली तरी भर उन्हात पानं मरगळतात आणि संध्याकाळी परत उभी राहतात. माती बोटभर उकरून बघा, आत गार लागली तर पाणी नको. शिवाय अंगणात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी हाताला चटका देतं, ते मुळाशी घालून झाडाचं भलं होत नाही. पाणी सहाच्या आत किंवा सूर्य कलल्यावर. अकरा ते पाच तुम्ही अंगणात पाऊल टाकायचं नाही. झाड सुकलं तर सुकू दे. दुसरं लावू.

रोहिणीत मी चार दिवसांची रजा काढून येते आहे, मृग लागायच्या आत. झोपाळा मीच घासेन, तुम्ही खुर्ची टाकून सांगत बसा. तोवर फक्त गवंड्याला बोलवा. आई, बाबांची टोपी आणि पाइपाचा नळ दोन्ही तुझ्या ताब्यात घे. पॉलिश पेपर आणू नका, माडीवरच्या पत्र्याच्या डब्यात आहेत, मीच ठेवलेत.

तुमची,
मनू