वळण मागाहून गुळगुळीत होत नाही

प्रति,
माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाळांना सुट्ट्या लागल्या की संगणकावरील खेळांविषयी पालकांची पत्रे वृत्तपत्रांतून येऊ लागतात आणि त्यांतील बहुतेकांचा सूर 'मुलांचा वेळ वाया जातो' असाच असतो. ती काळजी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु माझी सारी नोकरी रेल्वेच्या लोहमार्ग विभागात गेली, त्यातील बरीच वर्षे कर्जत-लोणावळा घाटात वळणांची देखभाल करण्यात गेली, आणि त्या अनुभवाच्या बळावर एका खेळाची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

खेळाचे नाव 'प्लॅनेट कोस्टर'. इंग्लंडमधील केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने तो 2016 मध्ये बाजारात आणला. खेळणाऱ्याने त्यात स्वतःचे मनोरंजन उद्यान उभारायचे असते. माझी आठवीतील नात गेले वर्षभर तो खेळत आहे. उद्यानातील दुकाने, झाडे, तिकिटांचे दर यांत तिचे मन रमत नाही. तिचे सगळे लक्ष रोलर कोस्टरच्या रुळावर असते. हा रूळ एकेक तुकडा जोडत पुढे न्यायचा, प्रत्येक तुकड्याची लांबी, वळण, चढ आणि आडवा कल स्वतः ठरवायचा आणि मग रिकामी गाडी सोडून चाचणी घ्यायची. प्रवाशाच्या शरीरावर कोठे किती जोर येतो ते चाचणीनंतर रुळावरच रंगांनी दिसते, आणि उत्साह, भीती व मळमळ यांचे वेगवेगळे आकडे मिळतात.

तिचा पहिला कोस्टर लांबून देखणा होता. पुढच्या आसनावरून पाहिल्यावर मात्र प्रत्येक वळणाच्या तोंडाशी गाडीला हिसका बसत होता. "आजोबा, मी वळण अगदी गोल केलंय, तरी धक्का का बसतो?" असे तिने विचारले. वळण अगदी गोल होते, आणि धक्क्याचे कारण तेच होते. सरळ रुळावर बाजूचा जोर शून्य असतो आणि वर्तुळात तो पूर्ण असतो. सरळ रूळ थेट वर्तुळाला जोडला तर शून्यापासून पूर्णापर्यंतचा हा पल्ला गाडी एका क्षणात ओलांडते आणि प्रवाशाची मान तो क्षण टिपते. म्हणूनच रेल्वेत सरळ मार्ग आणि वर्तुळ यांच्यामध्ये ट्रान्झिशन ठेवतात. तेथे वळण हळूहळू घट्ट होत जाते आणि त्याच प्रमाणात बाहेरचा रूळ उचलला जातो.

हे वळण कसे तपासतात ते सांगितल्याशिवाय पुढचा मुद्दा स्पष्ट होणार नाही. रुळाच्या कडेला दर 10 मीटरवर खूण केलेली असते. दोन गँगमन 20 मीटर दोरी रुळाच्या आतल्या कडेला ताणून धरतात आणि तिसरा माणूस बरोबर मधल्या खुणेपाशी दोरी व रूळ यांतील अंतर फुटपट्टीने मोजतो. 500 मीटर त्रिज्येच्या वळणावर ते अंतर 100 मिलिमीटर भरते. वळणाच्या सुरुवातीला वहीत 20, 40, 60, 80, 100 असे आकडे चढत यावेत, मग 100 वर स्थिर राहावेत आणि शेवटी त्याच पायऱ्यांनी उतरावेत. चढत्या भागात 20, 65, 50, 100 असे आकडे दिसले, तर डब्यात उभा असलेला माणूस नेमका कोठे तोल सावरणार हे गाडीत न बसताही सांगता येते.

नातीला मी हीच वही करायला सांगितली. खेळात तिने 4 मीटर लांबीचे तुकडे घेतले. काटकोनात वळायचे तर प्रत्येकी 10 अंशांचे नऊ तुकडे पुरतात आणि 36 मीटरमध्ये काम होते. तिचा पहिला कोस्टर तसाच होता. आता तिने 2, 4, 6, 8 अशी चढण घेतली, मध्ये 10 अंशांचे पाच तुकडे ठेवले आणि पुन्हा 8, 6, 4, 2 असे उतरत आणले. बेरीज तीच 90 अंश, पण तुकडे तेरा आणि लांबी 52 मीटर झाली. मधल्या भागाची त्रिज्या सुमारे 23 मीटर येते. तेथून गाडी ताशी 54 किलोमीटर वेगाने जाणार असेल, तर प्रवाशाला बाजूला अजिबात न ढकलण्यासाठी आडवा कल सुमारे 45 अंश हवा, आणि तोही वळणाबरोबरच सुरू होऊन वळणाबरोबरच संपायला हवा. आमच्याकडे ब्रॉडगेजवर बाहेरचा रूळ साधारणतः 165 मिलिमीटरपर्यंतच उचलत असत, कारण रेल्वेगाडी वळणावर थांबूही शकते. कोस्टरची गाडी वळणावर थांबायची नसते, म्हणून तिला इतके कलंडणे परवडते. हा फरक नातीने स्वतः विचारून समजून घेतला याचे मला फार समाधान वाटले.

खेळात रूळ आपोआप गुळगुळीत करणारे एक बटण आहे आणि नवखी मुले सारा भार त्याच्यावर टाकतात. माझा आक्षेप या सवयीला आहे. रेल्वेत एका खुणेपाशी रूळ 10 मिलिमीटर सरकवला, तर तेथील मोजमाप 10 ने बदलते आणि दोन्ही शेजाऱ्यांचे प्रत्येकी 5 ने उलट दिशेला बदलते. एका जागी दाबलेली चूक शेजारी डोके वर काढते, म्हणून आम्ही पूर्ण वळणाचे आकडे एकत्र मांडून दुरुस्ती ठरवत असू. बटण वापरण्यात गैर काही नाही. वहीतील आकडे मुळात शिस्तीत असतील तर ते उरलेली बारीक खडबड काढून टाकते. मूळ मांडणीच वेडीवाकडी असेल तर त्याच्याने रूळ मेणासारखा ओघळल्यागत दिसतो आणि हिसका आतच राहतो.

प्रत्यक्ष कोस्टर बांधणाऱ्यांनाही हे शिकायला बराच काळ लागला. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1895 मध्ये 'फ्लिप फ्लॅप' नावाची उभी कोलांटी घेणारी गाडी सुरू झाली होती आणि तिची कोलांटी शुद्ध वर्तुळाकार होती. घर्षण सोडून हिशोब केला, तर अशा वर्तुळात माथ्यावर प्रवासी जेमतेम आसनाला टेकलेला राहील एवढाच वेग ठेवला तरी तळाशी त्याला आपल्या वजनाच्या सहापट भार सोसावा लागतो, आणि वर्तुळ लहान केले काय, मोठे केले काय, ही सहापट बदलत नाही. यातून सुटका आकार बदलल्यानेच होते. तळाशी ऐसपैस आणि माथ्याकडे घट्ट होत जाणारा, पाण्याच्या थेंबासारखा आकार जर्मन अभियंता वेर्नर स्टेंगेल यांनी 1976 मध्ये कॅलिफोर्नियातील 'रिव्होल्यूशन' या कोस्टरसाठी वापरला. त्यामागचा वक्र रेल्वेच्या ट्रान्झिशनच्याच कुळातला आहे. रूळ पिळताना तो रुळाभोवती न पिळता बसणाऱ्याच्या छातीभोवती पिळावा, म्हणजे डोके बाजूला फेकले जात नाही, हा विचारही स्टेंगेल यांच्याच नावाशी जोडलेला आहे, आणि ज्यांना खरा वाटणारा कोस्टर हवा असतो ते खेळाडू खेळातही त्याचा आग्रह धरतात. आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकामध्ये 'नायट्रो' हा स्विस कंपनीने बनवलेला कोस्टर आहे. त्याच्या वळणांची तोंडे खालून नीट न्याहाळली, तर हळूहळू घट्ट होणारा हा वक्र नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतो.

गेल्या आठवड्यात नातीपुढे नवी अडचण उभी राहिली. तिच्या उद्यानात तलाव आणि उपाहारगृह यांच्यामध्ये 52 मीटरचे वळण बसेना. सुरुवातीचे दोन-दोन तुकडे गाळले असते तर ते बसले असते. तिने दोन दिवस विचार केला, उपाहारगृह पाडून पलीकडे बांधले आणि वळणाला हात लावला नाही.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अशा खेळांच्या व्यसनाविषयी लिहिले जाते, तसेच ते मन लावून कसे खेळावेत याविषयीही एखादे पान द्यावे आणि त्यासाठी गणिताच्या व तांत्रिक विषयांच्या शिक्षकांना लिहिते करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ते पान निघणार असेल तर नातीच्या वहीतील वळणांचे आकडे, पहिल्या फसलेल्या कोस्टरच्या आकड्यांसह, पाठवायला आम्ही दोघे तयार आहोत.

आपला नम्र,
लोहमार्ग विभागातील एक निवृत्त कर्मचारी, कर्जत