60,000 पौंड, 5 एप्रिल आणि आईचे नाव

ब्रिस्टल
15 फेब्रुवारी 2026

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

जानेवारीत मुदत संपलेली 60,000 पौंडांची ठेव साध्या बचत खात्यात पडून आहे आणि करमुक्त खाते कोणते घ्यावे ते नीट लिहून कळव, असे बाबा गेल्या आठवड्यात म्हणाले. फोनवर आकडे निसटतात आणि आई मध्येच चहा टाकायला उठते, म्हणून पत्रच लिहिते आहे. ते दोघांनी बरोबर बसून वाचावे, कारण यातला बराच भाग आईबद्दल आहे.

आधी महसूल खात्याच्या त्या तपकिरी पाकिटाबद्दल. नाताळात मी लेस्टरला आले तेव्हा ते फ्रिजवर चुंबकाखाली लावलेले होते आणि बाबांनी त्यातल्या टॅक्स कोडखाली, म्हणजे पेन्शनमधून किती कर कापायचा ते ठरवणाऱ्या आकड्याखाली, पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या होत्या. बँका व्याजाचा आकडा थेट महसूल खात्याला कळवतात आणि ते खाते बाबांच्या एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, पेन्शनमधून तेवढा कर वळता करते, एवढाच त्याचा अर्थ आहे; कोणाची चूक झालेली नाही. बाबांच्या उत्पन्नगटात वर्षाला 1,000 पौंड व्याज माफ असते. 60,000 पौंडांवर 4 टक्के धरले तर व्याज 2,400 होते, त्यातल्या 1,400 वर 20 टक्क्यांनी 280 पौंड कर बसतो, आणि एप्रिल 2027 पासून व्याजावरचा हा दर 22 टक्के होणार असल्याने तोच कर 308 पौंड होईल.

प्रत्यक्षात तो याहून जास्त भरेल, आणि इथे बाबांचा एक जुना समज मला दूर करायचा आहे. पुण्याच्या बँकेतल्या एनआरई, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांसाठीच्या, ठेवीचे व्याज करमुक्त आहे असे बाबा नेहमी म्हणतात. ते भारतात करमुक्त आहे. तुम्ही दोघे वर्षातले आठ महिने इथे राहता, म्हणजे कराच्या दृष्टीने ब्रिटनचे रहिवासी आहात, आणि रहिवाशाचे पुण्यातले व्याजही इथे दाखवावे लागते. तेही त्याच 1,000 पौंडांच्या माफीत मोजले जाते. मागच्या वर्षांचे हे व्याज दाखवायचे राहून गेले असेल तर ते आपण स्वतःहून कळवू. त्यात कमीपणा काहीच नाही, पण पुढे ढकलण्यासारखी गोष्ट ती नव्हे.

ब्रिटनमध्ये व्याज खरोखर करमुक्त ठेवणारे खाते म्हणजे कॅश आयसा. बाबांना जुने टेसा खाते आठवत असेल, ज्यात पाच वर्षांच्या आत मुद्दलाला हात लावला की करसवलत जात असे. एप्रिल 1999 मध्ये त्याची जागा आयसाने घेतली. आज प्रत्येक माणसाला एका करवर्षात, म्हणजे 6 एप्रिल ते 5 एप्रिल या काळात, 20,000 पौंड त्यात घालता येतात आणि त्यावरचे व्याज कुठेही दाखवावे लागत नाही. एप्रिल 2027 पासून पासष्टीच्या आतल्यांना कॅश आयसात वर्षाला 12,000 पौंडच घालता येतील, पण तुम्हा दोघांची 20,000 ची मर्यादा कायम राहील. वर्ष संपले की न वापरलेली मर्यादा बुडते, पुढच्या वर्षात जात नाही. म्हणून बाबांनी 5 एप्रिलच्या आत 20,000 आणि 6 एप्रिलनंतर आणखी 20,000 घातले, तर काही दिवसांतच 40,000 पौंड कराच्या कक्षेबाहेर जातात. मात्र यंदा 5 एप्रिलला ईस्टरचा रविवार आहे आणि 3 तारखेला गुड फ्रायडेची बँकांना सुटी असेल, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर विसंबू नये.

उरलेल्या 20,000 पौंडांबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ते आईच्या नावावर असावेत. बाबा म्हणतील, जॉइंट खाते उघडू. पण आयसा जॉइंट नसतो, तो एकाच माणसाच्या नावाने उघडतो, आणि घरातला प्रत्येक कागद बाबांच्या नावाने असल्यामुळे आईची मर्यादा 1999 पासून दरवर्षी न वापरता गेली आहे. पैसे बाबांनी मिळवले हे खरे. पण बाबा आठवड्यातून तीन रात्री वॉर्डात असत तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सांभाळून घर आईनेच चालवले, हे मी पाहिलेले आहे.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आईला कर वाचवण्यासाठी आयसाची गरजच नाही. तिची पेन्शन 12,570 पौंडांच्या करमाफ उत्पन्नाच्या आत आहे, आणि इतक्या कमी उत्पन्नावर व्याजासाठी आणखी सवलती मिळतात. सगळे मिळून उत्पन्न 18,570 पौंडांपर्यंत गेले तरी तिच्या व्याजावर कर लागत नाही. तेव्हा तिच्यासाठी साधे बचत खाते चांगला दर देत असेल तर तेच घ्यावे, आयसा या नावासाठी कमी व्याज पत्करू नये. मग सगळेच 60,000 तिच्या नावावर का करू नयेत, असे बाबा विचारतील. हिशेबाने तसे करता येते आणि यंदापुरता कर शून्य होईल. पण उद्या ते पैसे बाबांकडे परत येण्याची वेळ आली तर त्यांच्या व्याजावर पुन्हा कर सुरू होईल. आयसात एकदा गेलेली रक्कम मात्र वर्षानुवर्षे करमुक्त राहते.

पुढचे लिहिताना हात थोडा अडखळतो, तरी लिहिते. पती-पत्नींपैकी एक जण आधी गेला, तर त्याच्या आयसात जेवढी रक्कम असेल तेवढी जादा मर्यादा मागे राहिलेल्याला मिळते, स्वतःच्या 20,000 च्या वर. ती साधारण तीन वर्षांच्या आत वापरायची असते. साध्या बचत खात्यातल्या पैशांना असे संरक्षण मिळत नाही. यावर आपण एकदाच बोलू आणि मग तो विषय बंद करू.

खाते निवडताना बाबा वर्तमानपत्रातला सर्वांत मोठा दर शोधतील हे मला ठाऊक आहे. त्या दरात पुष्कळदा पहिल्या बारा महिन्यांचा बोनस मिसळलेला असतो आणि तेराव्या महिन्यात व्याज झपकन खाली येते. काही खात्यांत वर्षातून तीनपेक्षा जास्त वेळा पैसे काढले की दर कमी होतो. म्हणून दराच्या खालचा बारीक अक्षरांतला मजकूर आधी वाचावा. माझ्या मते बाबांचे पहिले 20,000 एक वर्षाच्या ठरावीक दराच्या आयसात ठेवावेत. त्यातून मुदतीआधी पैसे काढता येतात, पण काही महिन्यांचे व्याज दंड म्हणून जाते. अशा खात्यात उघडल्यापासून थोडेच दिवस भरणा करता येतो, म्हणून एप्रिलचे 20,000 त्याच खात्यात जाणार नाहीत. त्यांच्यासाठी हवे तेव्हा काढता येईल असे दुसरे खाते उघडावे. मागच्या खोलीचे छप्पर यंदा करायचेच आहे आणि हिवाळ्यातली पुण्याची तिकिटेही काढायची आहेत. हे दुसरे खाते फ्लेक्सिबल आहे का, एवढे मात्र विचारून घ्यावे. फ्लेक्सिबल असले तर काढलेली रक्कम त्याच करवर्षात परत भरता येते आणि मर्यादा खर्च होत नाही. नसले तर छपरासाठी काढलेले 6,000 पौंड परत भरताना नव्याने मोजले जातात.

शेअर बाजारातल्या आयसाचे नाव कोणी काढले तर या पैशांपुरते नाही म्हणावे.

एका बाबतीत मी पोळले आहे. 2021 मध्ये माझ्या जुन्या आयसात 11,000 पौंड होते आणि दुसरी एक बँक जास्त व्याज देत होती. मी जुन्या खात्यातून पैसे चालू खात्यात काढले आणि दुसऱ्या दिवशी नव्या बँकेत भरायला गेले. त्या वर्षीच्या 20,000 च्या मर्यादेपैकी 14,000 मी आधीच भरले होते, त्यामुळे 6,000 च आत गेले आणि इतक्या वर्षांचे 5,000 कायमचे बाहेर राहिले. नियम साधा होता: पैसे स्वतः काढायचे नाहीत, नव्या बँकेकडे ट्रान्सफरचा फॉर्म भरायचा, आणि ती बँक साधारण पंधरा कामकाजाच्या दिवसांत ते जुन्या बँकेकडून मागवून घेते. बाबांनी पुढे कधीही खाते बदलायचे ठरवले, तर पैसे काढण्याआधी मला फोन करावा.

बँक बुडेल का, ही बाबांची काळजी मी विसरलेले नाही. सप्टेंबर 2007 मध्ये नॉर्दर्न रॉक या बँकेच्या शाखांबाहेर रांगा लागल्या होत्या, तेव्हा ठेवींची पूर्ण हमी पहिल्या 2,000 पौंडांनाच होती, त्यावरच्या रकमेत ठेवीदारालाही तोटा सोसावा लागला असता, आणि बाबा दोन रात्री झोपले नव्हते. 1 डिसेंबर 2025 पासून ही हमी प्रत्येक माणसाला प्रत्येक परवानाधारक बँकेमागे 1,20,000 पौंडांची झाली आहे. एकाच परवान्याखाली दोन नावे असू शकतात, जसे हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड; तिथे दोन्हींकडची रक्कम एकत्र मोजतात. तुमची रक्कम या मर्यादेच्या बरीच आत आहे, त्यामुळे इथे मन निश्चिंत ठेवावे.

तुम्ही कायमचे पुण्याला जाऊन राहिलात तर नवे पैसे आयसात घालता येणार नाहीत, आणि तिथले पक्के रहिवासी झाल्यावर भारत त्या व्याजावर कर आकारेल. तसे ठरले तर निघण्याआधी एक वर्ष तरी मला सांगावे.

आईला ॲपवर चालणारी खाती नकोत, हे तिने मला दोनदा सांगितले आहे आणि तिचे बरोबर आहे. शाखेत जाऊन उघडता येईल आणि पासबुक मिळेल अशी बिल्डिंग सोसायटीची, म्हणजे बँकेसारख्या ठेवी घेणाऱ्या सभासदांच्या संस्थेची, खाती अजून आहेत. दर थोडा कमी असला तरी तिच्यासाठी तेच घ्यावे, कारण पासबुकावर छापलेली ओळ तिला स्वतः वाचता येते, कोणाला विचारावे लागत नाही.

गुढीपाडवा 19 मार्चला, गुरुवारी आहे. मी रजा घेऊन आदल्या संध्याकाळी येते. सकाळी गुढी उभारली की आपण तिघे शाखेत जाऊ. दोघांचे नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, पासपोर्ट आणि पत्त्यासाठी कौन्सिल टॅक्सचे (पालिकेच्या घरपट्टीचे) बिल बाजूला काढून ठेवावे. बाबांच्या लाल वहीत, जिथे सगळ्या ठेवी तारखांनिशी लिहिलेल्या आहेत, तिथे एक कोरे पान सोडावे आणि त्यावर आईचे पूर्ण नाव आईलाच लिहू द्यावे.

तुमची लेक