आधी सुरुंगांचा हिशेब द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शत्रुराष्ट्रावर लष्करी कारवाई करावी की नाही, याचा ताळेबंद मांडणारा कालच्या अंकातला लेख वाचला. अण्वस्त्रं, अर्थव्यवस्था, जागतिक दबाव... लेखक महाशयांचा व्यासंग दांडगा, वादच नाही. फक्त ‘सीमेवर सैन्य नेऊन दबाव आणणे’ हा पर्याय त्यांनी ‘कमी जोखमीचा’ म्हणून एका ओळीत उरकलाय. तिथं माझा चहा गार झाला.

डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि पाकिस्तानच्या सीमेवर फौजा नेऊन उभ्या करायचं ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. माझा धाकटा भाऊ बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सुरुंग पेरणाऱ्या-काढणाऱ्या लष्करी अभियंत्यांच्या दलात, खडकीला तयार झालेला. बाडमेरकडच्या वाळूत त्यांनी सुरुंग पेरले. पावलं मोजून एकेकाची जागा कागदावर मांडायची. वारं सुटून वाळू सरकली की कागद एकीकडे, सुरुंग भलतीकडे. दहा महिने नुसतं समोरासमोर उभं राहून ऑक्टोबर 2002 मध्ये फौजा मागे घ्यायचं ठरलं. मग पेरलेलं उपटायचं कोणी? सॅपरनीच. त्यात भावाचा डावा पाय घोट्यापासून गेला. पलीकडून एक गोळी आलेली नव्हती. घरी आणल्यावर भेटायला आलेले शेजारी विचारतात, ‘पण युद्ध तर झालंच नाही ना?’

कारगिलच्या प्रत्यक्ष युद्धात 527 जवान गेले. या न झालेल्या युद्धातल्या हानीचा आकडा सरकारने संसदेत 798 दिला होता. कालच्या अख्ख्या पानभर लेखात तो कुठे सापडला नाही. मी काही शांतिदूत नाही हो, 2016 ला उरीनंतरच्या कारवाईच्या बातमीला आमच्या मजल्यावर पेढे मीच वाटले. पण रकाने पाडायचेच तर ‘नुसता दबाव’ या रकान्यातही माणसं लिहा की!

भावाला पुण्यात लष्कराच्या केंद्रात कृत्रिम पाय बसवला. त्यावर तो रोज तलावपाळीला दोन फेऱ्या मारतो. अडतो तो गोखले रोडवर. पेव्हर ब्लॉक उखडलेले, मधेच गटाराचं झाकण वर आलेलं, आणि त्या पायाला खालचं काही कळत नाही. मागच्या पत्रातला फुटपाथचा हा मजकूर आपण ‘जागेअभावी’ कापलात. त्याच पानावर सराफाची अर्धं पान जाहिरात होती. या वेळी तेवढा ठेवावा.

नाव छापू नये, भावाला आवडणार नाही.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)