ह्यूस्टनच्या काकूंना आभारपत्र

तीर्थस्वरूप काकूंना साष्टांग नमस्कार.

आमच्या परसबागेत मे महिन्यात टोमॅटो, उन्हाळाभर भेंडी-गवार आणि दिवाळीनंतर मेथी-कोथिंबीर वेळच्या वेळी मिळू लागली, ती केवळ आपल्या मार्गदर्शनामुळे. त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवले आहे, कारण टेक्सासच्या आखाती किनाऱ्यावर नव्याने राहायला येणारी मराठी कुटुंबे दर हिवाळ्यात आपल्याला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे आणखी काही जणांपर्यंत पोहोचावीत, अशी इच्छा आहे.

महाराष्ट्रात लागवडीचा विचार पावसापासून सुरू होतो. मृग लागला की शेतकरी आभाळाकडे पाहू लागतो, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात हंगामाची तीच कल्पना घट्ट बसलेली असते. ह्यूस्टनमध्ये पाऊस वर्षभर पडतो, त्यामुळे त्यावरून हंगाम ठरत नाही. हिवाळ्यातल्या दव गोठवणाऱ्या मोजक्या रात्री आणि जूनपासूनचा असह्य उकाडा, या दोहोंच्या मधल्या अरुंद फटीत इथली बाग बसवावी लागते, हे आपण पहिल्याच भेटीत सांगितलेत आणि तिथूनच पुढचे सगळे उलगडत गेले.

शेवटच्या फ्रॉस्टची, म्हणजे पानांवर दव गोठवणाऱ्या थंडीची, सरासरी तारीख म्हणजे अभयपत्र नव्हे, ही गोष्ट आपण किती धीराने समजावून दिलीत! त्या तारखेनंतरही जवळपास निम्म्या वर्षांत पारा गोठणबिंदूला जाऊ शकतो, म्हणूनच नोआ या अमेरिकी हवामान संस्थेच्या 1991 ते 2020 या काळावर आधारलेल्या तक्त्यांत एकच तारीख न देता वेगवेगळ्या शक्यतांच्या वेगवेगळ्या तारखा दिलेल्या असतात. आपल्या वहीत त्या तारखांशेजारी आपल्या स्वतःच्या वाफ्यातल्या नोंदी आहेत, आणि मला त्या अधिक मोलाच्या वाटतात; कारण काँक्रीटने तापलेल्या मध्यवर्ती शहरात एखादा हिवाळा फ्रॉस्टविना निघून जातो, तर उत्तरेकडच्या उपनगरात, विशेषतः सखल जागी, थंड हवा साचून मार्चच्या सुरुवातीलाही रोपे काळवंडतात. 16 फेब्रुवारी 2021 रोजी ह्यूस्टनच्या मोठ्या विमानतळावर पारा 13 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे शून्याखाली दहा अंश सेल्सिअसच्याही खाली उतरला होता. त्या सुमारास अनेकांना हिवाळा संपल्यासारखा वाटू लागतो, याची आठवण आपण दरवर्षी करून देता.

तरीही आपण कोणालाही घाबरवून थांबायला सांगत नाही, आणि माझ्या मते आपल्या शिकवणुकीचा गाभा इथेच आहे. रात्रीचे तापमान 75 अंश फॅरनहाइटच्या वर राहू लागले आणि दिवसा नव्वदी ओलांडली की टोमॅटोची फुले फळ न धरताच गळतात. त्यामुळे जो माणूस धोका पूर्ण टळावा म्हणून एप्रिलपर्यंत थांबतो, त्याच्याकडे जूनमध्ये हिरवीगार, उंच आणि जवळजवळ रिकामी झाडे उभी राहतात. म्हणून मोजणी थंडीपासून पुढे न करता उकाड्यापासून मागे करायची: संक्रांतीच्या आधी घरात बी रुजवायचे, लवकर येणारा वाण निवडायचा, फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत रोपे बाहेर लावायची आणि एखादी थंड रात्र येणारच असे धरून पांघरूण हाताशी ठेवायचे. भेंडीला मात्र ही घाई चालत नाही. माती चांगली तापल्यावरच तिचे बी टाकावे, हेही आपलेच सांगणे.

पांघरुणाचा धडा तर आपण प्रत्यक्ष वाफ्यावर दिलात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, आणि डोळ्यांच्या उंचीवरचा तापमापक 36 अंश फॅरनहाइट, म्हणजे गोठणबिंदूच्या थोडे वर, दाखवत असतानाही पानांवर दव गोठू शकते, म्हणून आपण एक तापमापक रोपांच्या उंचीवर ठेवता. दुपारी माती भिजवून घ्यायची, कारण ओली माती अधिक ऊब साठवते. मग संध्याकाळ व्हायच्या आत बांबूच्या काठ्यांवरून जुन्या सुती साड्या थेट जमिनीपर्यंत सोडायच्या आणि कडेने विटा ठेवायच्या. काठ जमिनीला टेकला नाही तर मातीची ऊब बाहेर निसटते, आणि प्लॅस्टिकचा कागद पानाला चिकटला तर त्याच जागी पान करपते. सकाळी ऊन चढले की साड्या काढायलाच हव्यात. उत्तरेकडून बोचरे वारे सुटतात त्या रात्री मात्र साडीचा फारसा उपयोग होत नाही, तेव्हा कढीपत्त्याची कुंडी सरळ गॅरेजमध्ये न्यावी, हेही आपण स्पष्ट सांगितलेत.

पहिला फ्रॉस्ट इथे साधारण नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरात येतो, म्हणून शरद ऋतूतल्या टोमॅटोची रोपे ऑगस्टच्या उन्हातच, थोडी सावली धरून लावावी लागतात. मेथी, पालक आणि कोथिंबीर दसऱ्याच्या सुमारास पेरली तर ती लवकर फुलावर न जाता हिवाळाभर पुरते. ही उलटी मोजणी आता आमच्या घरातली मुलेही करतात.

काकू, थंडीचा इशारा आलेल्या संध्याकाळी आपण स्वतःची बाग झाकायची सोडून आधी आम्हा सर्वांचे फोन घेता. त्या वेळेची किंमत आम्ही जाणतो. आपल्या वहीतली पाने नव्या कुटुंबांसाठी उतरवून घेण्याची परवानगी दिलीत, त्याबद्दलही आभारी आहे. पहिली प्रत येत्या रविवारी आपल्याला तपासायला आणून देतो.

आपला कृपाभिलाषी,
आपल्या गल्लीतला एक बागकरी